चौपन्न मैलांची तयारी

दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात, हार्डिंग गावाजवळच्या एका शेतावर, १९२२ सालच्या पहिल्या दिवशी एक शेतकरी धावायला निघाला. त्याचे नाव आर्थर न्यूटन. वय ३८ वर्षांचे. पाइप ओढण्याची सवय चांगलीच जडलेली. शर्यतीच्या जगात त्याला कोणी ओळखत नव्हते. आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाने धावण्याचा नाद सोडून द्यावा, असाच त्या काळचा सर्वसाधारण समज होता. न्यूटन हौसेपोटी निघाला होता असेही नव्हे. त्याला सरकारशी भांडण मांडायचे होते, आणि त्यासाठी लोकांचे लक्ष वेधून घेण्याचा अन्य मार्ग त्याला दिसत नव्हता.

न्यूटन मूळचा इंग्लंडमधला, एका धर्मोपदेशकाचा मुलगा. १८८३ साली वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावी त्याचा जन्म झाला. ऐन तारुण्यात तो दक्षिण आफ्रिकेत आला आणि पुढे हार्डिंगजवळ जमीन घेऊन तेथे त्याने कापूस व तंबाखू यांची लागवड सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने त्याच्या शेताभोवतीचा मुलूख कृष्णवर्णीय आफ्रिकनांच्या वस्तीसाठी राखण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे आपल्या जमिनीची किंमत बुडाली, सबब सरकारने नुकसानभरपाई द्यावी, अशी त्याची मागणी होती. अर्जविनंत्या झाल्या, पत्रव्यवहार झाला, आणि सरकारने नकार दिला. एका शेतकऱ्याच्या पत्राला वर्तमानपत्रे विचारीत नाहीत. पण नामांकित खेळाडूचे म्हणणे लोक कान देऊन ऐकतात, असा हिशेब त्याने मनाशी मांडला. नामांकित होण्यासाठी मात्र एखादी मोठी शर्यत जिंकणे प्राप्त होते. डर्बन ते पीटरमॅरित्झबर्ग ही ५४ मैलांची शर्यत २४ मे रोजी व्हायची होती. म्हणजे पाच महिनेही उरले नव्हते.

या तक्रारीविषयी येथेच दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९१३ च्या जमीन कायद्याने दक्षिण आफ्रिकेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय प्रजेच्या वाट्याला देशातील सुमारे ७ टक्केच जमीन ठेवली होती. अशा देशात आपल्या शेजारी आफ्रिकनांची वस्ती होते म्हणून एका गोऱ्या जमीनदाराने अन्यायाची दाद मागावी, यात त्याच्यापुरते काही तथ्य असेलही. परंतु आज त्या गाऱ्हाण्याने कोणाचे मन द्रवणार नाही. न्यूटनचे नाव टिकले ते या भांडणामुळे नव्हे. भांडणासाठी म्हणून त्याने जी तयारी केली, तिच्यामुळे ते टिकले.

ती शर्यत तेव्हा अवघी एक वर्षाची होती. व्हिक क्लॅपहॅम नावाचा रेल्वेचा इंजिनचालक पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला होता. त्या मोहिमेतील उपासमार, ताप आणि शेकडो मैलांची पायपीट ज्यांना सोसावी लागली, त्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे असू नये, माणसाच्या सहनशक्तीची कसोटी पाहणारी एखादी शर्यतच त्यांचे स्मारक व्हावी, असे त्याच्या मनाने घेतले. माजी सैनिकांच्या संघटनेने दोनदा त्याला नकार दिला. इतके अंतर धावणे माणसाला झेपणार नाही, असे तिचे म्हणणे होते. अखेर १९२१ साली परवानगी मिळाली. त्या वर्षी २४ मे रोजी पीटरमॅरित्झबर्गच्या नगरभवनापासून ३४ जण निघाले आणि त्यांतले १६ डर्बनला पोहोचले. पहिल्या आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटे लागली. हीच पुढे कॉम्रेड्स मॅरेथॉन म्हणून प्रसिद्धीस आली. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटरांचे. ही शर्यत त्याच्या दुपटीहून अधिक. अशा शर्यतींना आता अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. डर्बन समुद्रसपाटीला आहे, तर वाटेतील सर्वांत उंच जागा ८०० मीटरांच्या वर. मध्ये लहानमोठ्या असंख्य टेकड्या, आणि त्यांतल्या पाच तर धावणाऱ्यांच्या तोंडी बसलेल्या. शेवटची पॉली शॉर्ट्स ही चढण पीटरमॅरित्झबर्ग अगदी जवळ आले असता लागते, तेव्हा बहुतेकांच्या पायांत त्राण उरलेले नसते.

इतक्या लांबच्या धावेसाठी शरीर कसे तयार करावे, याचे शास्त्र तेव्हा नव्हते. परंपरा होती, आणि ती मोठी विचित्र होती. १८०९ साली कॅप्टन बार्कले या स्कॉटिश उमरावाने न्यूमार्केट येथे १,००० तासांत १,००० मैल, तेही दर तासाला एक मैल याप्रमाणे, चालून १,००० गिनींची पैज जिंकली. त्याच्या तयारीची हकीकत १८१३ साली वॉल्टर टॉम याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तीत आरंभी जुलाब, मग फ्लॅनेलचे जाड कपडे घालून चार मैल धावणे, धावून येताच पिसांच्या गादीत गुंडाळून घेऊन घामाच्या धारा काढणे, अर्धेकच्चे मांस, शिळा पाव आणि जुनी बिअर असा क्रम सांगितलेला आहे. भाज्या वर्ज्य, दूध वर्ज्य, आणि पाणी शक्य तितके कमी. तहान ही दुर्बलता समजली जाई. हे सारे सोसूनही बार्कले जिंकला, की यातले काही उपयोगी पडल्यामुळे जिंकला, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडलेला दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत सहा दिवसांच्या शर्यतींचे वेड पसरले. रविवारी खेळ निषिद्ध, म्हणून सहा दिवस. छपराखालच्या रिंगणात पैजा लागत, बँड वाजे, आणि खेळाडू झोप मोडून फेऱ्या घालीत. १८८८ साली जॉर्ज लिटलवुडने न्यूयॉर्कला सहा दिवसांत ६२३ मैलांहून अधिक मजल मारली. तो आकडा पार करायला कोणाला १९८४ साल उजाडेपर्यंत जमले नाही. मात्र या शर्यती हळूहळू बदनाम झाल्या आणि त्यांतून मिळालेले अनुभवाचे ज्ञानही त्यांच्याबरोबरच विस्मृतीत गेले. १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्सला पाण्याऐवजी स्ट्रिक्नीन हे विष, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजण्यात आली. तो जिवंत राहिला हेच नवल.

न्यूटनजवळ शिक्षक नव्हता. धावण्यावरची त्या वेळची पुस्तके त्याने पाहिली. पुष्कळ चालावे, थोडे धावावे, आणि धावायचे ते वेगाने, असा त्यांचा एकूण उपदेश होता. सुरुवातीला त्याने तो मानला. पहिल्या दिवसांत थोड्याशा धावेनेही त्याचे पाय आखडून गेले. काही आठवड्यांत त्याच्या ध्यानी आले की, वेगाने धावून दमलेले शरीर दुसऱ्या दिवशी धावायला नकार देते, आणि दुसऱ्या दिवशी धावता आले नाही तर अंतर वाढणार कसे? चालण्याने चालणे सुधारते, धावणे नव्हे. तेव्हा त्याने वेग खाली आणला. दम लागणार नाही, उरात धडधड होणार नाही, अशा संथ गतीने तो रोज धावू लागला, आणि अंतर इतक्या हळूहळू वाढवीत गेला की शरीराला त्याचा पत्ताही लागू नये. शेतकऱ्याची दृष्टी येथे त्याच्या उपयोगी पडली असावी. पीक ओढून वाढत नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नव्हते.

याच काळात त्याचे नियम ठरत गेले, आणि पुढे आपल्या ग्रंथांतून त्याने ते आग्रहाने मांडले. रोज धावावे. तयारीच्या काळात शर्यत लावू नये, घड्याळाशीदेखील नाही. स्वतःची परीक्षा घेण्याच्या मोहात पडणारा माणूस शर्यतीसाठी साठवलेली शक्ती सरावातच उधळून टाकतो. पावले आखूड टाकावीत, पाय जमिनीपासून फार उचलू नयेत, अंग वरखाली हिंदकळू देऊ नये. कारण एका उडीत वाया गेलेली शक्ती क्षुल्लक वाटली तरी ५४ मैलांत अशा हजारो उड्या होतात. शर्यत जवळ आली की काम कमी करावे. न्यूटनचे धावणे पाहणाऱ्याला ते डौलदार वाटत नसे. एखादा माणूस घाईने बाजाराला निघाला आहे, असा त्याचा थाट असे. पण मैलामागून मैल ती गती तसूभरही ढळत नसे.

त्याची सामग्रीही अशीच साधी होती. पायांत कॅनव्हासचे रबरी तळाचे बूट. आहाराचे सोवळे त्याने कधी पाळले नाही. जे रुचेल ते खावे, असे तो म्हणे. वाटेत प्यायला लिंबाच्या सरबतात साखर आणि मीठ घालून तो नेत असे. मेलेल्यालाही उठवील असे पेय, अशा अर्थाचे गमतीचे नाव त्याला पडले होते. पाण्याला शत्रू मानणाऱ्या बार्कलेच्या परंपरेशी ताडून पाहिले, तर या सरबताच्या पेल्यात केवढे परिवर्तन झाले होते हे कळून येते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरी उन्हातून आलेल्या पाहुण्याला जे पेय पुढे केले जाते, ते दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत आणायला एक हट्टी शेतकरी लागला, याची मौज वाटते.

२४ मे १९२२ रोजी न्यूटन डर्बनहून चढणीच्या दिशेने निघाला. आरंभी तो बराच मागे होता. पुढचे एकेक गडी टेकड्यांवर गळत गेले, आणि तो ८ तास ४० मिनिटांत पहिला आला. एखादी शर्यत दैवानेही जिंकता येते. १९२३ साली मात्र त्याने पीटरमॅरित्झबर्ग ते डर्बन हे अंतर ६ तास ५६ मिनिटांत कापले, तेव्हा ही काही निराळीच गोष्ट आहे, हे सर्वांना कळून चुकले. उतरणीच्या मार्गावरचा दोन वर्षांपूर्वीचा विक्रम त्याने दोन तासांहून अधिक फरकाने मोडला होता. १९२४, १९२५ आणि १९२७ या सालीही तोच जिंकला. १९२५ मध्ये तर ६ तास २४ मिनिटांत. १९२४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडला जाऊन त्याने लंडन ते ब्रायटन हे सुमारे ५२ मैलांचे अंतर ५ तास ५३ मिनिटांत धावून दाखवले आणि तेथील जुना विक्रम अर्ध्या तासाहून अधिकाने मागे टाकला. तेव्हा त्याचे वय ४१ होते. पुढे १९३४ साली, ५१ व्या वर्षी, तो १०० मैल १४ तास ६ मिनिटांत धावला. १९२२ पासूनच्या पंधराएक वर्षांत त्याच्या पायांखालून एक लाखाहून अधिक मैल गेले, असा त्याचा स्वतःचा हिशेब होता.

ज्यासाठी हा खटाटोप मांडला, ते मात्र साधले नाही. कीर्ती मिळाली, वर्तमानपत्रांत नाव झळकले. सरकारने भरपाई दिली नाही. १९२५ साली न्यूटन शेत सोडून ऱ्होडेशियाला, म्हणजे आजच्या झिंबाब्वेमध्ये, निघून गेला. तोवर धावणे हेच त्याचे काम होऊन बसले होते.

१९२८ साली तो धंदेवाईक झाला आणि सी. सी. पाइल या अमेरिकन व्यवस्थापकाने भरवलेल्या लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क या अफाट शर्यतीत उतरला. ३,४२२ मैल, ८४ दिवस, म्हणजे रोजचे सरासरी ४० मैल. १९९ जण निघाले, ५५ पोहोचले. आरंभी न्यूटन सर्वांच्या पुढे होता. थोड्याच दिवसांत घोट्याजवळच्या दुखापतीने त्याला शर्यत सोडावी लागली. शरीराला हळूहळू सवय लावा, असे सांगणाऱ्यालाच रोजच्या चाळीस मैलांचा भार झेपला नाही. शर्यत जिंकली ती ओक्लाहोमाच्या अँडी पेन या २० वर्षांच्या चेरोकी तरुणाने. पुढच्या वर्षीच्या शर्यतीत न्यूटनला मोटारीची धडक बसली. त्याच्या पद्धतीवरचा त्याचा विश्वास मात्र यामुळे डळमळला नाही.

आयुष्याची अखेरची वर्षे त्याने लंडनजवळच्या रायस्लिप येथे काढली. लांब पल्ल्याच्या धावपटूंना त्याचे घर सदैव खुले असे. १९५३ साली दक्षिण आफ्रिकेचा वॉली हेवर्ड त्याच्याकडे आला. हेवर्डने त्या एका वर्षात लंडन-ब्रायटनचा विक्रम केला, १०० मैलांचा विक्रम केला आणि २४ तासांत १५९ मैल धावून जगाला चकित केले. त्याच्यामागे सत्तर वर्षांच्या न्यूटनचे मार्गदर्शन होते. १९५९ साली न्यूटन वारला. हेवर्डने आपल्या परीने गुरूचा सिद्धांत आणखी पुढे नेला: १९८९ साली, वयाच्या ८० व्या वर्षी, त्याने कॉम्रेड्स शर्यत ११ तासांच्या मुदतीला दोनच मिनिटे उरली असताना पूर्ण केली.

न्यूटनच्या पद्धतीत असे काही नव्हते, की जे फक्त त्याच्यासारख्याच माणसाला साधावे. तिला पैसा लागत नव्हता, मैदान लागत नव्हते, तारुण्यदेखील लागत नव्हते. लागत होता तो मोकळा रस्ता आणि वेळ. तथापि ज्या रस्त्यावर ती सिद्ध झाली, तो शर्यतीच्या दिवशी सर्वांना मोकळा नव्हता. कॉम्रेड्समध्ये अधिकृत प्रवेश केवळ गोऱ्या पुरुषांना होता. ज्या पीटरमॅरित्झबर्ग शहरातून १९२१ ची पहिली शर्यत सुटली, त्याच शहराच्या रेल्वे स्थानकावर ७ जून १८९३ च्या रात्री पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असलेल्या मोहनदास गांधींना गाडीतून खाली उतरवण्यात आले होते. शर्यतीच्या वाटेवरील प्रदेशात उसाचे मळे पिकवणारे हजारो भारतीय मजूर आणि त्यांची मुलेबाळे राहत. धावणाऱ्यांना पाहण्याची त्यांना मुभा होती, धावण्याची नव्हती.

तरीही माणसे धावली. १९२३ साली फ्रान्सेस हेवर्ड या महिलेचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा ती अनधिकृतपणे धावली आणि ११ तास ३५ मिनिटांत डर्बनला पोहोचली. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू असाच नोंदीवाचून धावला, आणि सुमारे साडेनऊ तासांत त्याने अंतर पूर्ण केले. त्यांच्या छातीवर क्रमांक नव्हता, निकालपत्रकात नाव नव्हते. त्यांनी तयारी कशी केली असेल, कोणत्या वेळी आणि कोणत्या रस्त्यावर केली असेल, हे कोणी लिहून ठेवले नाही. न्यूटनच्या मैलामैलाचा हिशेब उपलब्ध आहे. यांच्या एका मैलाचाही नाही. इतिहासाच्या साधनांतली ही विषमता शर्यतीतल्या विषमतेइतकीच बोलकी आहे. १९७५ साली ही बंदी उठली. त्या वर्षी व्हिन्सेंट राकाबाएले विसावा आला, आणि १९८९ साली सॅम त्शाबालाला हा पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरला. ऐंशी वर्षांच्या हेवर्डची ती शेवटची शर्यतही त्याच दिवशीची.

न्यूटनने अनुमानाने जे जाणले होते, त्याची कारणे शास्त्राने पुष्कळशी नंतर दिली. संथ आणि दीर्घ धावण्याने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, पेशींची ऊर्जा निर्माण करण्याची क्षमता वाढते, आणि शरीर साखरेचा तुटपुंजा साठा राखून चरबी जाळायला शिकते. हाडांना व कंडरांना बळकट व्हायला स्नायूंपेक्षा अधिक काळ लागतो. म्हणून उतावळ्या माणसाचे फुप्फुस तयार होते आणि घोटा दगा देतो. वेगाचा त्याने केलेला तिरस्कार मात्र पुढच्या पिढ्यांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. आजचे मार्गदर्शक आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस वेगाचा आणि एखादा पूर्ण विश्रांतीचा ठेवतात, आणि ते योग्यच आहे. केप टाउनचे वैद्यक-संशोधक टिम नोक्स यांनी न्यूटनच्या नियमांना नव्या धावपटूंपुढे पुन्हा उजाळा दिला. १९८५ साली नोक्स आणि त्यांचे सहकारी यांनी एक उलटाच धोका दाखवून दिला होता: दीर्घ शर्यतीत गरजेपेक्षा फार पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. पाण्यापासून वंचित ठेवण्याची चूक आणि पाणी ढोसण्याची चूक, या दोहोंमध्ये पावणेदोनशे वर्षे गेली.

अलीकडच्या वर्षांत या शर्यतीसाठी भारतातून शेकडो धावपटू जातात, त्यांत मुंबई-पुण्याचे पुष्कळ असतात. नोकरी-धंदा सांभाळणारी, पस्तिशी-चाळिशी उलटलेली ही माणसे. म्हणजे वयाने न्यूटनच्याच पंक्तीची. शर्यत बहुधा जूनमध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या हिवाळ्यात असते, तेव्हा तयारीचे सर्वांत जड आठवडे नेमके एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात येतात. मग पहाटे तीन-चारला उठून सिंहगडाचा घाट चढायचा आणि ऊन तापण्याच्या आत खाली उतरायचे. डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग यांच्या साधारण मध्यावर, रस्त्याकडेच्या दरडीत, एक बसण्याजोगी खोबण आहे. न्यूटन तेथे विसावा घेई, अशी आख्यायिका आहे. धावता धावता तेथे फूल ठेवून त्याला सुप्रभात म्हणायचे, म्हणजे उरलेले अर्धे अंतर सुखाने जाते, असे धावणारे मानतात. पुण्या-मुंबईहून गेलेलेही तेथे क्षणभर थांबतात, फूल ठेवतात, आणि पुढच्या चढणीला लागतात.